रडण्याची हजेरी

आमच्या शाळेत तान्हं पोर रडलं नाही तर मास्तरांना चैन पडत नसे. बाकीचे मास्तर पोरं गप्प बसवण्याचा पगार घेतात, आमच्यांचं सगळंच उफराटं. सकाळी प्रार्थना झाली की आधी आमची हजेरी आणि मग आमच्या धाकट्या भावंडांची. ती भिंतीच्या कडेला गोधडीवर ओळीने निजवलेली असत. मास्तर एकेकाच्या तळपायाला गुदगुल्या करत, तेवढ्याने भागलं नाही तर हळूच चिमटा काढत, आणि पोराने भोकाड पसरलं की तृप्त चेहऱ्याने "हजर" म्हणून पुढच्याकडे वळत.

ही ठाण्यातली मुलींची सरकारी शाळा. भिंतीवर राणीसरकारची तसबीर होती आणि तिच्याखाली हा प्रकार रोज चाले. माझी नात आता मुंबईला कॉलेजात जाते. तिला हे सांगितलं की ती हसते आणि आजी रचून सांगते म्हणते. म्हणो बापडी. मी त्या ओळीतल्या एका पोराची बहीण होते, मला रचायची गरज नाही.

त्या वेळी मुलीला शाळेत घालायचं म्हणजे घरात पहिला प्रश्न निघे तो धाकट्याला कोण सांभाळणार हा. त्यावर तोड एकच होती. धाकट्याला कडेवर घ्यायचं आणि पाटी बगलेत. मी माझ्या गणूला आणायची. माझ्या वर्गातल्या रोझाची आई वाडीतली भाजी घेऊन बाजारात बसे, म्हणून ती तिच्या बहिणीला आणायची. अशी नऊ पोरं होती. मास्तर येण्याआधी जे पंतोजी होते त्यांना या नऊ पोरांचं फार कौतुक. ठाण्याची पोरं जात्याच शहाणी, शाळेत आली की झोपतात, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. शहाणपणाचं कारण आम्हा मुलींना ठाऊक होतं. घरून निघताना पोराला बाळगोळी दिलेली असे.

बाळगोळी म्हणजे अफू घातलेली बारीकशी गोळी. बाजारात उघड मिळे. आईला भात सडायचं असो की मिठागरात जायचं असो, दुधात उगाळून गोळी चाटवली की पोर दुपारपर्यंत निपचित. यात कोणाला काही वावगं वाटत नसे. आमच्या घरात आईची प्रकृती गणूच्या वेळेपासून तोळामासा झालेली, त्यामुळे घर आत्याच्या हाती होतं. आत्या बालविधवा, बोलायला फटकळ, पण आम्हा पोरांवर जीव टाकणारी. ती म्हणायची, आपण सगळे गोळीवरच वाढलो. जे वाढले नाहीत त्यांच्याबद्दल ती काही बोलत नसे.

मास्तर पहिल्या दिवशी वर्गात आले ते आमच्याकडे न बघता थेट गोधडीकडे गेले. खाली बसून त्यांनी एकेका पोराची पापणी वर केली, डोळ्यात पाहिलं, छातीला कान लावला. आम्हाला वाटलं, मुलींच्या शाळेत वैदू पाठवला. मग उभे राहून ते एवढंच म्हणाले की भर सकाळी नऊ पोरं एकदम झोपलेली आपण आयुष्यात पहिल्यांदा पाहतोय, आणि उद्यापासून जे पोर रडणार नाही त्याला घरी परत न्यावं लागेल. आठवड्याभरात शाळेत असा कल्लोळ सुरू झाला की शेजारचा सोनार फुंकणी हातात घेऊन भांडायला आला. मास्तरांनी त्याला बसवून पाणी दिलं आणि प्रत्येक रडणाऱ्या पोराची ओळख करून दिली. गावाने त्यांचं नाव रडवे मास्तर ठेवलं. ते त्यांच्या कानावर गेलं होतं आणि त्यांना आवडलंही होतं.

मास्तर मूळचे सरकारी दवाखान्यातले कंपौंडर. उंच, किडकिडीत, पागोटं कायम डाव्या कानावर कललेलं. अंगाला ओवा आणि कापराचा वास. दिव्यात तेल घालायचं झालं तरी बाटली डोळ्यांसमोर आडवी धरून, एक डोळा मिटून, थेंब मोजल्यासारखं ओतत. चिठी नसलेली बाटली दिसली की त्यांच्या कपाळाला आठी पडे. शाळेत त्यांनी माठावर "पाणी", दौतीवर "शाई" आणि स्वतःच्या डबीवर "तपकीर, वाईट सवय" अशा चिठ्या डकवल्या होत्या. आम्ही अक्षरं शिकलो ती पुस्तकापेक्षा जास्त या चिठ्यांवर. मग आम्ही आपापल्या घरात चिठ्या डकवायला सुटलो. मी आत्याच्या गोळ्यांच्या डबीवर ठळक अक्षरात "विष" लिहून आले. आत्याला वाचता येत नव्हतं. श्राद्धाला आलेल्या भटजींनी ते मोठ्याने वाचलं आणि तिच्या हातचा लाडू परत ताटात ठेवला. त्या दिवशी माझ्या पाठीत जे धपाटे बसले ते मास्तरांच्या खाती जमा आहेत.

त्यांचा औषधांचा तास शुक्रवारी असे. तो कोणत्याही क्रमिक पुस्तकात नव्हता. कोयनेल कोणत्या तापाला, एरंडेल कोणाला, काय उगाळून द्यावं आणि कशाला हातही लावू नये. सुंठ, वेखंड, जायफळ यांची घरची गुटी त्यांना मान्य होती, तिची ते कधी टिंगल करत नसत. त्यांचा राग मापावर होता. एका शुक्रवारी त्यांनी विचारलं की गोळी केवढी देतात. सगळ्या एका सुरात म्हणाल्या, मुगाएवढी. मास्तर म्हणाले, उद्या प्रत्येकीने घरचा एक मूग आणावा.

दुसऱ्या दिवशी पाटीवर ते मूग ओळीने मांडले. रोझाच्या वाडीतला मूग चांगला टपोरा होता आणि सोनाराच्या मुलीचा इतका बारीक की तिलाच लाज वाटली. मास्तरांनी तराजू काढला. एका पारड्यात रोझाचा एक टाकला आणि दुसऱ्यात बारके टाकत गेले. पारडी समोरासमोर आली तेव्हा बारके तीन झाले होते. ते तीन आणि तो एक मूग त्यांनी तसेच राहू दिले आणि आम्हाला गणित घातलं की एक घर मुगाएवढी म्हणतं आणि दुसरंही मुगाएवढी म्हणतं, तर दोघांच्या पोरांच्या पोटात किती गेलं. त्रैराशिक मला तिथे समजलं आणि पुढे कधी विसरले नाही.

दारूबद्दलही ते पुस्तकी बोलत नसत. त्यांच्या पिशवीत विलायती ब्रँडीची एक जुनी बाटली असे, आणि तहान लागली की ते भर रस्त्यात उभे राहून ती तोंडाला लावत. आत कडूजहर काडेचिराइताचं पाणी. लोकांना काय वाटायचं ते वाटो. शाळा समितीवर एक भारदस्त गृहस्थ होते, दारूबंदीवर व्याख्यानं देणारे. एकदा ते वर्ग बघायला आले आणि मास्तर फळ्याकडे तोंड करून उभे असताना या गृहस्थांनी पिशवीतली बाटली बाहेर काढली, इकडेतिकडे पाहिलं आणि चांगला मोठा घोट घेतला. आम्ही वीस मुली बघत होतो. त्यांचा चेहरा असा झाला की रोझाने पाटीआड तोंड लपवलं. मास्तरांनी मागे न वळता शांतपणे सांगितलं की जंतांवर उत्तम असतं, आठवड्यातून दोनदा घ्यावं.

पण ही बाटली का बाळगली आहे हे ते वर्षातून एकदा सांगत, आणि तेव्हा हसत नसत. दवाखान्यात असताना ते पीत. कपाटातली ब्रँडी औषधासाठी असते आणि कपाटाची किल्ली कंपौंडरकडे असते, एवढंच त्याचं कारण. एका दुपारी ते टेबलावर डोकं ठेवून पडले होते आणि एक बाई गोळी जास्त झालेलं मूल घेऊन आली. ती हाका मारत राहिली, यांना जाग आली नाही. डॉक्टर परगावी होते. मूल गेलं. ही गोष्ट मास्तर आमच्यासारख्या नऊदहा वर्षांच्या मुलींना सांगत, आणि काही पालकांनी त्याबद्दल तक्रारही केली होती. मास्तरांचं म्हणणं असं की जो चुकला त्यानेच सांगितलं पाहिजे, न चुकलेल्याचं कोण ऐकतो. मला त्या दिवशी त्यांची भीती वाटली आणि माया पण आली.

आता दिपोटींकडे येते. दिपोटी म्हणजे शाळा तपासणारे साहेब, आपलेच, धोतर आणि लांब कोटवाले, पण गोऱ्या साहेबापेक्षा कडक. मास्तरांच्या पहिल्या वर्षी ते आले तेव्हा नऊच्या नऊ पोरांनी ताल धरला होता. त्यांनी शेरेबुकात लिहिलं की या कोलाहलात शिकवणं अशक्य आहे, आणि पुढच्या तपासणीला हेच आढळलं तर शाळा बंद करण्याची शिफारस करावी लागेल. म्हणजे आम्ही सगळ्या घरी. माझ्या लग्नाचं बोलणं तेव्हा सुरू झालं होतंच. शाळा आहे म्हणून वडील आणखी वर्षभर थांबू म्हणत होते.

दुसऱ्या वर्षी तपासणीचा दिवस कळला तशा आम्ही मुली तळ्याकाठी जमलो. मास्तर पोरांना गप्प करणार नाहीत हे ठरलेलंच होतं. मग ते आपण करायचं. रोझा म्हणाली, "एकच दिस दिली तर काय होतं गो? साहेब गेला का बंद. मास्तरला सांगायचा नाय." सगळ्यांना ते पटलं. मला तर फारच पटलं. मास्तरांना वाचवायचं या विचाराने मला इतकं मोठं झाल्यासारखं वाटत होतं की त्यांनीच वर्षभर काय शिकवलं ते आड येईना.

मी अडाण्यासारखं केलं नाही, हेच तर दुःख. सकाळी आत्या देवापाशी होती तेव्हा मी डबी उघडली. गोळी मोडून बारक्या मुगाएवढा तुकडा घेतला, दुधात उगाळला, अजून पेंगणाऱ्या गणूला चाटवला. माप माझं बरोबर होतं. पण मला हे माहीत नव्हतं की आज शाळेत साहेब येणार हे शेजारणीकडून आत्यालाही कळलं होतं. पोरीची शाळा राहावी म्हणून तिने पहाटेच एक अख्खी गोळी गणूला दिली होती. तिने मला सांगितलं नाही, मी तिला सांगितलं नाही. दोघींनाही वाटलं, आपण गुपचूप उपकार करतोय.

दिपोटी प्रार्थना चालू असतानाच आले, त्यामुळे पोरांची हजेरी त्या दिवशी झालीच नाही. वर्गात टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. साहेबांच्या चेहऱ्यावर चक्क हसू आलं. त्यांनी एकीला कविता म्हणायला लावली, दुसरीला नकाशात उल्हास नदी दाखवायला लावली, मला त्रैराशिक घातलं. मी उत्तर बरोबर दिलं आणि मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. ते गोधडीकडे बघत होते आणि त्यांचा रंग उतरला होता.

साहेब पुढचा प्रश्न विचारत असताना मास्तर सरळ त्यांच्यासमोरून गेले आणि गोधडीपाशी गुडघ्यांवर बसले. पहिल्याला चिमटा काढला, ते कुरकुरलं. दुसरं रडलं. एकेक करत आठ पोरं रडली, कोणी लवकर, कोणी उशिरा. साहेब चिडून उभे राहिले आणि म्हणाले की तपासणी चालू आहे. मास्तरांनी ऐकलं नाही. ते गणूपाशी पोचले होते. गणू रडला नाही. त्यांनी त्याला उचललं तर मान मागे पडली. ओठ निळसर दिसत होते.

"याला कोणी दिली?" मास्तरांनी विचारलं. वर्गात सगळ्यांच्या माना खाली गेल्या. तेव्हा ते माझ्याकडे बघून अगदी हळू आवाजात म्हणाले, "बाळ, काय दिलं, किती दिलं, केव्हा दिलं, एवढंच सांग. का दिलं ते मी विचारत नाही."

साहेब तिथेच उभे होते. बोलले तर सगळं बाहेर येणार, मास्तर बुडणार, शाळा बुडणार, हे मला कळत होतं. पण गणूची मान माझ्या डोळ्यांसमोर लोंबत होती. मी सांगून टाकलं. बारक्या मुगाएवढी, निघताना. मास्तर पुटपुटले की एवढ्याने असं होणार नाही, आणखी कोणीतरी दिली आहे. त्यांनी रोझाला आमच्या घरी पिटाळलं आणि सोनाराच्या मुलीला दवाखान्यात. ती पळतच परत आली, डॉक्टर कोलशेतला रोगी बघायला गेले होते. मास्तरांनी हे ऐकलं तेव्हा क्षणभर डोळे मिटले. मग त्यांनी अंगरखा काढून फेकला आणि कामाला लागले.

पुढचे दोन तास आमच्या शाळेने जे पाहिलं ते कोणत्याही शाळेने पाहिलं नसेल. मास्तरांनी गणूला उलटी काढवली. ओल्या पंच्याने त्याच्या तळपायांवर फटके मारले. जवळच्या पारशी बावाजींच्या घरून कडक कॉफी मागवली आणि ती चमच्याने थेंब थेंब मोजून पाजली. माझ्या हाताला धरून ते म्हणाले की याचा श्वास मोज आणि मोठ्याने मोज, थांबलीस तर मला कळणार नाही. मी मोजत राहिले. पोराला झोपू द्यायचं नव्हतं, सतत हलवत ठेवायचं होतं, आणि मास्तरांचे हात भरून आले तेव्हा त्यांनी गणूला सरळ दिपोटींच्या हातात दिलं आणि हुकूम सोडला, "फिरवा. थांबायचं नाही. चिमटे काढा."

दिपोटींनी आयुष्यात स्वतःचं पोरही घेतलं नसावं. पण घेतलं. कोटाची बटणं सोडून ते राणीच्या तसबिरीखालून फळ्यापर्यंत आणि फळ्यापासून दारापर्यंत येरझारा घालू लागले आणि गणूच्या दंडाला चिमटे काढत "ऊठ रे, ऊठ रे लेका" म्हणू लागले. आत्या धापा टाकत आली तेव्हा तिच्या डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता. दारातच तिने सांगितलं की पहाटे एक अख्खी आपणही दिली. मग ती भिंतीशी बसली आणि तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला. मी श्वास मोजत होते म्हणून रडू शकले नाही.

ऊन उंबऱ्यापर्यंत आलं तेव्हा गणूने साहेबांच्या कोटावर कॉफी ओकली आणि रडायला लागला. आधी मांजराच्या पिल्लासारखा, मग चांगला घसा फोडून. साहेब थांबले. मास्तर म्हणाले, थांबू नका. साहेब रडणाऱ्या पोराला घेऊन पुन्हा चालू लागले आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मास्तर जमिनीवर बसले. दोन्ही हात मांडीवर ठेवून ते त्या हातांकडेच बघत राहिले. त्यांच्या मनात कुठली दुपार होती ते मला तेव्हाही कळलं.

शेरेबुकात साहेबांनी काय लिहिलं ते आम्हाला कधी समजलं नाही. शाळा बंद झाली नाही एवढं खरं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले नाही. तोंड दाखवायची सोय राहिली नव्हती. संध्याकाळी मास्तर आमच्या ओटीवर आले. आत्या आत दाराआड उभी होती. मास्तरांनी गणूचे डोळे पाहिले, छातीला कान लावला, आणि मग मला सांगितलं की शुक्रवारचा तास या खेपेला मी घ्यायचा आहे, आणि गल्लीतल्या बायकांनाही बोलावलं आहे. मी म्हटलं, मला नाही येत. ते म्हणाले, "मला गोळी माहीत आहे. मायेने ती कशी देतात ते तुला माहीत आहे. माझ्यापेक्षा तुझा तास चांगला होईल."

शुक्रवारी वर्ग भरला. कोळणी, भात सडणाऱ्या, रोझाची आई टोपली घेऊन दारात. मी उभी राहिले आणि पहिलं वाक्य बोलून अडकले. मी दिली, एवढंच म्हटलं. मास्तर फळ्याजवळ उभे होते, त्यांनी मदत केली नाही. तेव्हा मागून आत्या उठली. देवळाव्यतिरिक्त ती कुठे चार लोकांत उभी राहिलेली मी पाहिली नव्हती.

"दुसरी मी दिली," आत्या म्हणाली. "हिला सांगितलं नाही. माझ्या हातची दोन अशीच गेली असतील, भावाची. देवाने नेली असं आम्ही म्हणत आलो."

मग एका कोळणीने मास्तरांना विचारलं, आणि तिच्या आवाजात राग होता, "समदा खरा हाय मास्तर. पन मी म्हावरा इकाया बसू का पोराला घिऊन बसू? रडला तं काय करू?"

मापं, गोळ्या, तराजू सगळं मास्तरांपाशी होतं आणि हा प्रश्न त्यांना कोणी कधी विचारलाच नव्हता. त्यांनी पागोटं काढलं, परत घातलं, पुन्हा कानावर कललं. मग आत्याच बोलली. पोर इथे आणून ठेव, मी बघते, म्हणाली.

सोमवारी आम्ही शाळेत गेलो तेव्हा गोधडीवर तेवीस पोरं होती. आत्या त्यांच्या मधोमध मांडी घालून बसली होती, दोन मांडीवर आणि एक खांद्यावर. एकही झोपलेलं नव्हतं. मास्तर एका रडक्याला कडेवर घेऊन, घसा ताणून, आम्हाला सतराचा पाढा सांगत होते, आणि आम्हाला त्यातलं एक अक्षर ऐकू येत नव्हतं.